२०२० ची मागणी-वही सापडली. माल होता, मग दुकानात का नव्हता?

वाण्याचा नातू (धागाकर्ता)

दुकानाला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा करत होतो. गुळाच्या रिकाम्या डब्यांमागे २०२० ची मागणी-वही निघाली. लाल पुठ्ठा, कोपरे उंदरांनी खाल्लेले. अमळनेर तालुक्यात आमचं किराणा दुकान आहे, आजोबांपासूनचं. मागणी-वहीत कुठल्या एजन्सीला काय सांगितलं, त्यातलं काय आलं, काय भावाने पडलं-विकलं, भाडं-हमाली किती गेली, उधारी किती आली, एवढंच लिहितो. हिशेबाची वही वेगळी. (आयकरवाले कोणी वाचत असतील तर त्यांना रामराम.)

दोन रात्री ती वहीच वाचत बसलो. आजवर कोणी विचारलं की मी सांगायचो, "त्या लॉकडाऊनात मालच नव्हता हो." वही तसं म्हणत नाही.

२१ मार्च, शनिवार. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू. त्या एका दिवसात साखर, चहा पावडर, तेल, काडेपेट्या, मेणबत्त्या आणि तंबाखू एवढं गेलं की पानाच्या कडेला वडिलांनी "पोळ्यासारखं" असं लिहून ठेवलंय. गव्हाला कोणी हात लावला नाही. कशाला लावतील? गहू नुकताच निघालेला, दादर ज्वारी घरात येऊन पडलेली. आमच्याकडे चैत्र-वैशाखात वर्षाचं भरतातच. कोठीत दाणा आणि बरणीत लोणचं असलेलं घर घाबरतं ते साखर, तेल आणि साबणासाठी, भाकरीसाठी नाही.

२४ ला रात्री आठला घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. साखरेचे हार-कडे दोन किलो उरले. पुढे महिनाभर आम्ही चहात तेच टाकत होतो.

आता खरी गंमत सांगतो. पारले-जीच्या मला एरवी आठवड्याला ४ पेट्या लागतात. एजन्सीचा सेल्समन बीटवर (दुकानांच्या फेरीवर) यायचा बंद झाला, ऑर्डर फोनवर सुरू झाली. २७ मार्चला मी एका एजन्सीला १० पेट्या सांगितल्या. "बघतो" म्हणाला. मला भरवसा वाटेना, म्हणून चोपड्याच्या दुसऱ्याला १० सांगितल्या. मग जळगावच्या ठोकवाल्याला आणखी १०. चारच्या जागी तीस! ११ एप्रिलपर्यंत मिळाल्या २. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवसांत २२ पेट्या दारात. पैसे नव्हते, ठेवायला जागा नव्हती. सॅनिटायझरचंही तेच. सरकारने २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची मर्यादा घातलेली, लोक मागत होते तेव्हा एक बाटली नव्हती. माल आला तोवर गावाने साबणावर भागवायला सुरुवात केली होती. त्यातल्या अकरा बाटल्या अजून माळ्यावर आहेत. आतलं निम्मं उडून गेलंय, बुच न उघडता.

मधल्या काळात माल कुठे होता? जळगावच्या दाणा बाजारात होता. मी डोळ्यांनी बघितला. तूरडाळीचे कट्टे छतापर्यंत लागलेले. जळगाव म्हणजे डाळमिलांचं गाव, तिथे डाळ नाही असं होत नाही. पण गोडाऊनला हमाल नव्हते. पास गाडीला मिळायचा, ड्रायव्हरला मिळायचा. गाडी भरणार कोण, हा रकानाच त्या अर्जात नव्हता. हमाल आजूबाजूच्या खेड्यांतून यायचे, काही पार उत्तर प्रदेशातले, ते एकतर नाक्यावरून परत जायचे नाहीतर गावाला निघून गेलेले. साठीतला व्यापारी शर्ट काढून स्वतः कट्टा ओढताना मी पाहिलाय. कट्टा पाठीवर घ्यायची पण कला असते. दोघं उचलून देतात, तिसरा मान खाली घालून कमरेत वाकून तो मणक्यावर नाही, खांद्याच्या मागे घेतो. मी मणक्यावर घेतला. चार दिवस झोपून होतो.

आणि दुसरी गोष्ट, जी मला तेव्हा कळलीच नव्हती, वहीने दाखवली. उधारी.

एजन्सी मला एरवी दहा-बारा दिवसांच्या उधारीवर माल देते. एप्रिलपासून "आधी पैसे टाका, मग गाडी". तिचं पण खरं होतं. तिचे पैसे बंद पडलेल्या पानटपऱ्या, हॉटेलं, शाळेसमोरची दुकानं यांच्यात अडकलेले, आणि कंपनी वरून आगाऊ मागत होती. माझे पैसे गावात. गावाचे पैसे कुठे? कपाशीत. मार्चच्या शेवटी खरेदी केंद्रं बंद झाली तेव्हा आमच्या गावात निम्म्या घरांच्या ओट्यावर, माडीवर, पलंगाखाली कपाशी पडून होती. तिचा खाज सुटणारा किडा लेकरांना चावायचा. एप्रिलच्या शेवटी केंद्रं हळूहळू सुरू झाली, पण नोंदणीच्या रांगा अशा की काहींची कपाशी जून उजाडला तेव्हा गेली. कपाशी विकली की माझी उधारी फिटते, ती फिटली की मी एजन्सीला देतो, मग साबण येतो. म्हणजे माझ्या फळीवरचा साबण कपाशीच्या काट्यावर लटकलेला होता. हे मला २०२० मध्ये कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

खान्देशातल्या बाकीच्यांनी आपापलं लिहा. जुनं बिल, जुनी वही कोणाकडे असेल तर फारच छान.

भुसावळ_४५

आमच्याकडे किराणा मिळाला हो, कूलरची मोटार मिळाली नाही. वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांना हसू येईल, पण एप्रिल-मेत भुसावळला राहून दाखवा. पारा ४४-४५ वर जातो, कौलारू घर, आई सत्तरीची. कूलर म्हणजे आमच्याकडे चैन नाही, औषध आहे. दरवर्षी मार्चअखेर कूलर खाली काढायचा, जाळ्यांतलं गवत बदलायचं, मोटार जळाली असेल तर नवी आणायची. त्या वर्षी गवत मिळालं नाही, मोटार जळलेली, आणि दुकान "जीवनावश्यक" मध्ये बसत नव्हतं. ऑनलाइनही तेव्हा फक्त जीवनावश्यक.

२१ एप्रिलला केंद्राने यादी वाढवली, त्यात शाळेची पुस्तकं आणि विजेच्या पंख्यांची दुकानं उघडायला परवानगी आली. आमचा दुकानदार म्हणाला, कूलरमध्ये पंखाच असतो की. अर्धं शटर वर केलं. पण माल मागच्या हंगामाचाच होता, नवा आलाच नव्हता. आणि दोन दिवसांत आमची गल्लीच पत्रे ठोकून बंद केली.

शेवटी शेजारच्या पोराच्या फिशटँकची मोटार लावली. मासे आधीच मेलेले होते. पाणी थेंब थेंब पडायचं, पण गवताच्या जागी धुतलेलं गोणपाट लावलं आणि आईने मे काढला. ती मोटार अजून चालते.

धुळ्याचे नाना

धागा चांगला आहे, वाचनखूण साठवली. पण वाणी महाराज, सगळं वरच्यावर ढकलू नका. हमाल नव्हता, उधारी नव्हती, कपाशी होती. आणि तुम्ही काय करत होता? आमच्या कॉलनीत साखर पंचावन्नने विकली गेली. तूरडाळ एकशे तीसने. ओळखीच्याला मागच्या दाराने, बाकीच्यांना "संपली". हे पण वहीत आहे का? एप्रिलमधलं एखादं पान जसंच्या तसं टाका बरं. खाडाखोड न करता.

वाण्याचा नातू

नाना, टाकतो. आज कोऱ्या भिंतींचा वास डोक्यात गेलाय, उद्या.

अहिराणी पोर

भाऊ, दहानी पुडी पन्नासले भेटे आमना गावमा. ते बी लिखेल शे का तुमना वहीमा?

वाण्याचा नातू

लिखेल नही भाऊ. मना बाप अजून गल्लावर बसस.

दहा चाकी

मी गाडी चालवत होतो, मालक नाही, ड्रायव्हर. धुळे-इंदूर लाइन. सोनगीर, शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा. हा रस्ता माझ्या हाताला पाठ आहे.

पहिले चार-पाच दिवस कोणालाच काही माहीत नव्हतं. गाडीत बिस्किटं असली तर सोडायचे, बिस्किटांची रिकामी खोकी असली तर अडवायचे. खोकं काही खायची वस्तू नाही ना! मग २९ मार्चला केंद्राचं पत्र आलं, जीवनावश्यक असो-नसो, सगळ्या मालाची वाहतूक चालू. कागदावर चालू झाली. नाक्यावर ते पत्र पोचायला अजून वेळ लागला. ई-वे बिलाची (गाडीतल्या मालाच्या ऑनलाइन कागदाची) मुदत गाडी उभ्या उभ्या संपायची, ती पण सरकारने नंतर वाढवून दिली.

पण ट्रक बंद पडले ते त्याने नाही. ढाबे बंद. पंक्चरवाला बंद. टायर फुटला तर दोन दिवस गाडीखालीच झोपायचं. क्लीनर लोक पळून गेले. आणि मुख्य म्हणजे परतीचं भाडं नाही. इंदूरहून माल घेऊन आलो तर जाताना काय नेणार? कारखाने बंद, पाइप नाही, चटई नाही, कापूस नाही. रिकामी गाडी नेली तर दोन्ही बाजूचं डिझेल एकाच मालावर पडतं. लोक म्हणतात भाडं दुप्पट केलं. दुप्पट नाही केलं, जाणं-येणं मोजलं.

मेमध्ये त्याच रस्त्याने माणसं चालत होती. बायका, पोरं, डोक्यावर पेटी. मुंबईकडून यायची, बिजासनपाशी हजारोंनी अडकली होती. मी केबिनमध्ये आठ-आठ जण घेतले आहेत. चालत नाही नियमात, माहीत आहे. वाटेवरच्या गावांचे लोक पाणी, केळी, बिस्किटं घेऊन उभे राहायचे. ते विसरणार नाही.

धुळ्याचे नाना

त्यात आम्ही पण होतो. नगाव बारीजवळ रोज सकाळी. पाचवाला पारले-जी पेटीच्या पेटी उचलायचो, पूर्ण एमआरपीने, कारण सोलावं लागत नाही, पाणी नसलं तरी चालतं, लेकरू पण खातं.

वाण्याचा नातू

म्हणजे माझ्या तेव्हा न आलेल्या २८ पेट्या तुम्ही वाटल्या, नाना. आणि मला साठेबाज म्हणता. कंपनीने जूनमध्ये सांगितलं होतं की मार्च-एप्रिल-मेमध्ये पारले-जी जेवढा गेला तेवढा आठ दशकांत गेला नव्हता. घरातले, वाटणारे आणि माझ्यासारखे तीन-तीनदा मागणारे, सगळे त्यात आले.

पुणे व्हाया पारोळा

मूळचा पारोळ्याचा, पुण्यात एका साबण-शांपूच्या कंपनीत मागणीचा अंदाज बांधायचं काम करतो. वाणीसाहेबांनी जे तीस पेट्यांचं लिहिलं ना, ते वाचून मी उभा राहिलो. वरच्या मजल्यावर बसून आम्ही जे आकडे बघत होतो त्याचं दुसरं टोक हे होतं!

बघा, तुम्ही चारच्या जागी तीस मागितल्या. तिन्ही एजन्सी मिळून मागणी सातपट दिसली, त्यांनीही थोडं वरचं धरून डेपोला कळवलं. डेपोने कारखान्याला. कारखान्यात बसलेल्याला वाटलं की अख्खा खान्देश तिन्ही त्रिकाळ बिस्किटं खातोय. तुमच्या गावात तर माणसं तेवढीच, तोंडं तेवढीच. याला आमच्या धंद्यात बुलव्हिप म्हणतात, म्हणजे गुराख्याचा लांब चाबूक. मनगट जरा हललं की टोक फाडकन उडतं. नव्वदच्या दशकात प्रॉक्टर अँड गॅम्बलला हे तान्ह्या मुलांच्या डायपरमध्ये दिसलं होतं. दुकानातला खप जवळजवळ सरळ रेषेत, आणि जसजसं वर जावं तसतशी मागणी उड्या मारतेय. मुलं काय, रोज तेवढीच ओली करतात.

यात आणखी एक खोच आहे. कारखान्याला सगळ्यांना पुरत नाही तेव्हा तो मागितल्याच्या चौथा हिस्सा देतो. दुकानदाराला हे कळलं की तो पुढच्या वेळी चौपट मागतो. मग खरी मागणी कोणती हे कोणालाच कळत नाही. एप्रिलमध्ये मी रोज रात्री त्या आकड्यांकडे बघून एवढाच विचार करायचो की यातलं खोटं किती.

आम्ही तेव्हा जे केलं ते सांगतो. शांपूचे प्रकार निम्म्याहून कमी केले. मशीनवर प्रकार बदलायला वेळ जातो, धुवावं लागतं. कोरफडवालं, कांद्यावालं, सगळं बंद, जे सगळ्यात जास्त खपतं तेवढंच लावा. तरी अडलो. कशावर? छापील रॅपरवर. आत भरायचं तयार होतं, बाहेरचं पाकीट नव्हतं. ते छापणारा कारखाना दुसऱ्या राज्यात, त्याला शाई तिसरीकडून.

अमेरिकेत तेव्हा टॉयलेट पेपरवरून भांडणं झाली, सगळे हसले. पण तिथेही नुसती साठेबाजी नव्हती. ऑफिस, शाळा, हॉटेलांत वापरायचा मोठा रोल वेगळ्या मशीनवर निघतो, घरातला वेगळ्या. माणसं घरी बसली, म्हणजे वापर घरी सरकला. मशीन सरकत नाही.

वाण्याचा नातू

हे तेलाचं झालं होतं! आत्ता कळलं. १५ किलोचे डबे एजन्सीकडे रांगेने पडून, कारण लग्नं नाहीत, आचारी नाही, फरसाणवाला नाही. आणि एक लिटरचं पाऊच औषधाला नाही. तेल तेच. मी शेवटी डबा फोडून सुटं दिलं. नियमात बसत नाही म्हणतात, पण बायका किटल्या घेऊन उभ्या राहिल्या तर काय नियम वाचून दाखवू?

चाबकाचं मान्य. माझ्या मनगटाने झालं तेवढं माझं. पण साहेब, चाबकात हमाल कुठे आहे? कपाशी कुठे आहे? तुमच्या स्क्रीनवर "ऑर्डर नाही" दिसत होतं तेव्हा इथे मागणी होती, पैसे नव्हते.

पुणे व्हाया पारोळा

बरोबर. आमच्या स्क्रीनवर मे महिन्यात अमळनेर-चोपडा-पारोळा पट्ट्यात मागणी "कमी" दिसत होती. आमच्यातल्या एकाने सुचवलंही, की इकडचा माल नाशिककडे वळवू. कपाशीचा विचार तिथे बसलेल्या कोणाच्या डोक्यात आला नाही. माझ्या पण नाही, आणि माझ्या काकांच्या माडीवर तेव्हा चाळीस क्विंटल होती. लाज वाटली हे लिहिताना.

पारोळ्याचा गवळी

कपाशीचं निघालंच आहे तर ढेपेचं पण ऐका. जिनिंग (कपाशीतून सरकी काढणारे कारखाने) बंद, म्हणजे सरकी नाही. सरकी नाही म्हणजे तेल नाही आणि ढेप नाही. शहरातल्यांना वाटतं कपाशी म्हणजे कापड. आमच्या म्हशीला कपाशी म्हणजे जेवण. ढेपेचं पोतं मिळेना, मिळालं तर भाव आभाळाला. दुसरीकडे चहाच्या टपऱ्या, हॉटेलं, मिठाईवाले बंद, तर दूध कोणी घेईना. खुराक महाग, दूध स्वस्त, एकाच आठवड्यात. सरकारने रोज दहा लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायचं ठरवलं, चांगलं केलं, पण ते संघाच्या मार्फत. माझं दूध सायकलवरचं, आठ टपऱ्यांचं. माझा संघ म्हणजे त्या टपऱ्या. आईने रोज तूप कढवलं. त्या वर्षी आमच्या घरी पोळीला तूप नाही, तुपाला पोळी होती.

नंदुरबारची सून

सगळे पुरुष बोलताहेत म्हणून लिहिते. आमचं नंदुरबार मिरचीचं. मार्चमध्ये पथाऱ्यांवर लाल गालिचा पसरलेला असतो, गावात शिरलं की ठसका लागतो. मिरची होती, हवी तेवढी. वर्षाचं तिखट करायचं होतं. पण धने बाहेरून, दगडफूल बाहेरून, लवंग-मिरी-दालचिनी थेट दक्षिणेतून. ते आलं नाही. आणि डंख, म्हणजे कांडपाची गिरणी, बंद. पिठाची चक्की चालू, तिखटाची बंद. का, ते कोणीच सांगू शकलं नाही.

मिक्सरमध्ये करून बघितलं. पाव-पाव किलो. दोन किलोला मिक्सर बसला, आणि मिक्सर दुरुस्त करणारा पण बंद. मग सासूबाईंनी माळ्यावरून लोखंडी खल काढला. तोंडाला ओला रुमाल बांधून (मास्क होताच म्हणा) आम्ही दोघी आळीपाळीने कुटत होतो. हातांची आग दोन दिवस जायची नाही, ताक लावून बसायचो. दगडफुलाशिवायचा काळा मसाला म्हणजे नुसता रंग. त्या वर्षीचं भरीत माझ्या नवऱ्याने न बोलता खाल्लं, त्यावरून ओळखा.

आणि पुण्याच्या दादांना सांगायचंय. तुम्ही साठेबाजी-साठेबाजी म्हणता. आमच्या घरात मार्चला गहू, दादर, डाळ, बिबडे, कुरडया, शेवया, सगळं वर्षाचं असतं. ती साठेबाजी नाही, ती आमची रीत आहे. ज्यांच्या घरी आठवड्याचं असतं ते आधी पळाले दुकानात. आमच्या गल्लीत आम्ही दीड महिना दुकानात गेलो ते फक्त साखर आणि चहासाठी.

पुणे व्हाया पारोळा

ताई, मान्य. आमच्या कंपनीच्या गोदामातसुद्धा तुमच्या कोठीएवढे दिवस पुरेल इतका माल नसतो. माल पडून राहिला की पैसा अडकतो, म्हणून तो कमीत कमी ठेवायचा, असंच आम्हाला शिकवलंय. फक्त एवढंच, की ही रीत पाळायला एकरकमी पैसे लागतात. शेतमजुराच्या घरी वर्षाचं भरायची सोय नसते, तो रोज पाव किलोच आणतो.

नंदुरबारची सून

हो. ते खरं आहे. आमच्याकडे धुणं-भांडी करणारी मावशी सातपुड्याकडची, ती पंचवीस मार्चलाच पायी गावाला गेली. तिच्या घरी काय होतं ते मी तिला नंतरही विचारलं नाही.

रावेरची केळी

भो, केळीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मीच बोलतो. बाकीच्यांना माल मिळत नव्हता, आमचा माल जात नव्हता. केळी थांबत नाही. घड तयार झाला की झाला, त्याला लॉकडाऊन कळत नाही. रावेर-सावद्याची केळी दिल्लीकडे जाते, त्या वर्षी ट्रक कमी, आणि कापणारी टोळी नाही. केळी कापणं पण कोणाचंही काम नाही, घड खांद्यावर झेलावा लागतो, आपटला की दोन दिवसांनी काळा पडतो आणि व्यापारी तिकडून फोन करून शिव्या देतो. २५ एप्रिलला रमजान सुरू झाला. दरवर्षी आम्ही त्या महिन्याची वाट बघतो. त्या वर्षी मागणी होती, बाजार बंद होते. मी निम्मा बाग गुरांना दिला आणि निम्मा टेम्पोत घालून जळगावच्या कॉलन्यांमध्ये डझनावर विकला. माझी एमकॉम झालेली पोरगी माइकवर ओरडत होती, "केळी घ्या केळी". तिला अजून चिडवतो.

ऑगस्टमध्ये देवळालीहून दानापूरला किसान रेल सुरू झाली, जळगाव-भुसावळला थांबायची. चांगली होती. आमच्या एप्रिलच्या बागेला काय उपयोग.

भुसावळ_४५

अवांतर : रावेरकर, तुमच्या पोरीकडून आमच्या साडूने तीन डझन घेतले असावेत. माइकवाली केळी अजून सांगतो तो.

तापीकाठ

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, कोणीच लिहिलं नाही? २६ एप्रिलला होती, रविवारी. लेकी माहेरी आल्या नाहीत ते सगळ्यांना आठवतं, पण आमच्या कुंभाराच्या दारात घागरी तशाच रचलेल्या होत्या. तो हिवाळाभर घडवतो, आखाजीच्या आठवड्यात विकतो, बाकी वर्ष त्यावर. मातीची घागर ऑनलाइन येत नाही आणि तिची एजन्सी नसते. आम्ही घरातल्याच तांब्याच्या कळशीवर डांगर (खरबूज) ठेवून पितर जेवू घातले. पितर काही बोलले नाहीत.

धुळ्याचे नाना

सगळं वाचलं, डोळे भरले वगैरे. पण वाणी, पान?

वाण्याचा नातू

विसरलो नाही नाना. हे घ्या, जसं आहे तसं टंकतोय. खाडाखोड असेल तिथे कंसात लिहितो.

गुरुवार, २ एप्रिल २०२०, रामनवमी.
साखर, सांगितली २ कट्टे, आली १. पडली ३६ रु. ५० पैसे. विकली ४०.
तूरडाळ, सांगितली २ कट्टे, आला १. पडली ९४. विकली (आधी ९८ लिहून खोडलंय) १०२.
चहा पावडर, सांगितली ५ किलो, आली २. एमआरपीने.
साबण, सांगितले ३ पेट्या, आला नाही.
मीठ, आहे.
गाडीभाडं ८००. एरवी ३००, तीन दुकानांत वाटून.
उधारी वसूल, निरंक.
हमाली, स्वतः + मेहुणा.

धुळ्याचे नाना

९८ खोडून १०२ केली. कबूल केलंत, बरं वाटलं. साखर मात्र ४० ची खरीच असेल तर आमच्या वाण्याला तुमचा नंबर देतो. मेहुण्याला हमाली दिली का?

वाण्याचा नातू

अजून मागतो. दर आखाजीला.